प्रत काढून टाकायची का?

‘जागा अपुरी आहे. बदल जतन करता येणार नाहीत.’

हे वाक्य सलग आठ दिवस, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर उमटत होते. पत्नी ते वाचून “बरं” म्हणे आणि कन्सोल बंद करी. तिच्या त्या “बरं”मध्ये एकतीस वर्षांची नोकरी होती. पाणीपुरवठा खात्यात ती आरेखक होती, आणि तिने काढलेल्या नकाशांपैकी बहुतेकांवर साहेबलोकांनी चहाचे पेले ठेवले. निवृत्तीनंतर मुलगी आणि जावई घर बदलताना त्यांचा गेमिंग कन्सोल आमच्याकडे टाकून गेले. त्यावरच्या एका खेळात तिने चार वर्षे खपून एक गाव वसवले. टेकडीवर टाकी, टाकीपासून उतार, उतारावर वाहिन्या. आता खालच्या वस्तीला जाणारी शेवटची वाहिनी तेवढी उरली होती. पत्नी ती रोज टाके आणि हार्ड डिस्क भरलेली असल्यामुळे रोज ती पुसली जाई.

नवव्या दिवशी मोठी हार्ड डिस्क घरी आली. जावयाने फोनवर कळवले, “बाबा, रविवारी येतो, बसवून देतो. दोन तासांचं काम.”

मी नको म्हणालो. आमचे जावई सूचनापत्रक न वाचता यंत्र उघडणाऱ्या पंथाचे आहेत, आणि त्यांना यश येते ही बाब मला आजवर क्षम्य वाटलेली नाही. मी स्वतः जुन्या हस्तलिखितांच्या संहिता सिद्ध करतो. एकाच ग्रंथाच्या सात-आठ प्रती समोर मांडून कोणत्या लेखनिकाने कुठे डुलकी काढली ते ठरवणे, हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग. ज्याने वाळवीने खाल्लेली अक्षरे लावली, त्याला सोळा पानांची पुस्तिका काय लागणार नाही?

पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते. निनावीपणामागे विनय असतो अशी माझी समजूत होती. इथे केवळ दूरदृष्टी होती. चौथ्या पानावर ‘ट्रे हलकेच ओढा’ असे होते आणि ट्रे म्हणजे काय हे अकराव्या पानावर. चित्रातला कन्सोल आमचा नव्हता. तरीही मी ती दोनदा वाचली, समासात खुणा केल्या, आणि सकाळी नऊ वाजता टेबलावर जुनी चादर अंथरून बसलो.

पहिली पायरी: कन्सोलमधल्या मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. बाहेरची डिस्क घरात होती. ती जोडताच पडद्यावर प्रश्न आला: ‘या डिस्कवर जुनी प्रत आहे. नव्या प्रतीसाठी जागा अपुरी आहे. जुनी प्रत काढून टाकायची का?’

दोन वर्षांपूर्वी जावयाने सवयीने घेऊन ठेवलेली ती प्रत. मी विचारात पडलो. माझ्या व्यवसायात दोन गोष्टी हाडीमांसी मुरतात. एक, प्रत जितकी जुनी तितकी ती मुळाजवळची. नव्या प्रतीत चुका साठत जातात. (याला अपवाद आहेत. त्यांवर मीच एक प्रकरण लिहिले आहे, आणि ते त्या सकाळी मला आठवले नाही.) दुसरी, कोणतीही प्रत, कितीही भिकार असो, नष्ट करायची नाही. इथे तर आठ दिवस कुरकुरणाऱ्या डिस्कवरून नवी प्रत उतरवण्यासाठी एक निर्दोष जुनी प्रत जाळायला मला सांगितले जात होते. मी ‘नाही’वर बोट ठेवले. प्रत आहे, दुसरी कशाला? वर प्रत घेण्याचा वेळ वाचला.

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं का हो प्रत घेऊन?”

“प्रत आहे,” मी म्हणालो. हे उत्तर खोटे नव्हते. नंतर ते मला त्याच शब्दांत ऐकवण्यात आले.

पुढचे काम हाताचे होते. झाकण सरकवले, मोठा स्क्रू काढला, ट्रे ओढला, जुनी डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, नवी बसवली. मोठा स्क्रू परत आवळताना तो हटून बसला. मी त्याहून हट्टी निघालो. त्याच्या डोक्यावरची खाच झिजून गुळगुळीत वाटी झाली, आणि पुस्तिकेचे पहिले वाक्य मला पटले: हे काम सोपे आहे. बिघडवण्यापुरते खरोखरच सोपे होते.

जावयाने डिस्कसोबत पाठवलेल्या पेन ड्राइव्हवरून कन्सोलची प्रणाली भरली, मग बाहेरच्या डिस्कवरून मजकूर उतरू लागला. तीन तास एक निळी पट्टी गोगलगाईला लाजवत सरकली. दुपारी पत्नी हात पुसत येऊन बसली. पडद्यावर गाव उगवले.

तिने चित्र टेकडीकडे सरकवले. मग म्हणाली, “टाकी कुठंय?”

मीही पाहिले. टेकडीवर टाकी नव्हती. उतारावर वाहिन्या नव्हत्या. खालची वस्ती म्हणजे चार झोपड्या आणि एक विहीर.

“कुठली प्रत घातलीत?”

“जी होती ती.”

“आज घेतली नाही?”

“घ्यायची तर जुनी काढावी लागत होती.”

“मग काढायची.” तिचा आवाज चढला नाही. चढता तर बरे झाले असते. “सगळं केलंत आणि मुसळ केरात. दोन वर्षं गेली, पंडित.”

पंडित हे तिने मला ठेवलेले नाव, आणि ते ती अशा प्रसंगीच बाहेर काढते. मी नजर पडद्याकडे वळवली, आणि उताराच्या मधोमध एक इमारत दिसली. उंच खिडक्या, पुढे ओटा, ओट्यावर एकच खुर्ची.

“ही कसली?”

“पाटी वाचा की. वाचण्यात तर आयुष्य गेलं.”

पाटीवर लिहिले होते: ‘पंडितांचे ग्रंथालय’.

आपल्याच नावाची अज्ञात वास्तू हाती लागल्यावर संशोधकाने काय म्हणावे याचा संकेत मला ठाऊक नाही. “मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“तीनदा हाक मारली. दोनदा ऐकलं नाहीत. तिसऱ्यांदा ‘आलोच’ म्हणालात. त्या ‘आलोच’ला दोन वर्षं होतील आता.”

“मग?”

“मग पाडलं.”

“रागानं?”

“छे हो. रागानं आरेखन होतं का? वाहिनीला उतार तिथूनच मिळत होता.”

मी त्या खुर्चीकडे पाहत होतो. नंतर जे बोललो ते केवळ संपादकाच्या तोंडी शोभते. “हेच ठेवलं तर? टाकी पुन्हा बांधता येईल.”

तिने चष्मा काढून पुसला. “तुमची एखादी संहिता छपाईला निघाली आणि मी म्हटलं, पहिलाच खर्डा छापा, त्यात माझं नाव आहे. चालेल?”

मी जावयाला फोन लावला. तो हसू आवरत होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होते.

“बाबा, बॅकअप ताजा नव्हता?”

“तुमच्याच हातचा होता.”

“बरं, जुनी डिस्क पुसली नाही ना?”

“ड्रॉवरमध्ये आहे.”

“मग काहीच गेलं नाही. तीच परत बसवा, प्रत घ्या, मग नवी बसवा.”

“स्क्रू झिजलाय.”

“आईंना द्या फोन,” तो म्हणाला.

फोनवर ती फक्त “हं, हं, माहितीय” म्हणाली. मग उठून तिने जुन्या नकाशांच्या गुंडाळीवरचे रबरबँड काढले, झिजलेल्या स्क्रूवर पसरले, त्यावर स्क्रूड्रायव्हर दाबला आणि अर्धी फेरी फिरवली. स्क्रू मुकाट्याने निघाला. सकाळपासून मी ज्याच्याशी झगडत होतो त्याच्याकडे ती वळूनही पाहत नव्हती. शेजारच्या डब्यातून तिने त्याच मापाचा दुसरा स्क्रू शोधला. असा डबा आपल्या घरात आहे हे मला ठाऊक नव्हते.

जुनी डिस्क बसली. गाव परत आले: टाकी, उतार, वाहिन्या. इमारतीच्या जागी एक जाड निळा पाइप, वळण घेऊन खाली गेलेला.

तिने बाहेरची डिस्क जोडली. प्रश्न सकाळचाच होता, शब्दही तेच. ‘जुनी प्रत काढून टाकायची का?’

तिने कंट्रोलर पुढे केला नाही आणि बटणही दाबले नाही. “मी दाबू?”

“या जुन्या प्रतीची आणखी कुठे नक्कल आहे?” मी विचारले.

“नाही.”

“नव्या प्रतीसाठी दुसरी डिस्क आणली तर? रविवारी...”

“आणा. मी थांबते. आठ दिवस थांबलेच आहे.”

हे ती मनापासून म्हणत होती, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हते. मी कंट्रोलर घेतला. तो मी पहिल्यांदाच हातात धरत होतो. ‘हो’पर्यंत कसे जायचे ते तिला दाखवावे लागले.

पुसायला चार सेकंद लागले. चाळीस वर्षे मी तळटिपांत ज्या लेखनिकांचा उद्धार केला, त्यांच्यापैकी एकानेही माझ्यासमोर इतक्या स्वच्छपणे काही नष्ट केले नव्हते.

“आता पुस्तिका घ्या,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा. मी करते. आणि एकही ओळ गाळायची नाही.”

मी पहिल्या पानापासून वाचले. ट्रेची व्याख्या अकराव्या पानावर आहे, हे मी आगाऊ सांगितले. तिने ते ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने शेवटची वाहिनी टाकली. पडद्यावर कुठलेही वाक्य आले नाही. तिला हाक मारावी लागली नाही. मी शेजारच्या खुर्चीवर अर्ध्या तासापासून बसलो होतो, आणि तिने त्याची दखल घेतली नाही. झडप उघडल्यावर पाणी खालच्या वस्तीत पोचायला अकरा सेकंद लागले. ते ज्या वळणावरून गेले तिथे, ग्रंथालयाच्या जागी, पाइपाखेरीज काहीही नव्हते. मी नीट पाहिले.