खरवडलेला सन्मानफलक

मी सन्मानफलक बोलतोय. अकोल्यातल्या एका हायस्कूलच्या व्हरांड्यात, हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराशेजारी मला टांगलंय. शाळेचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं, तर तिथल्या थोर मंडळींना वाटेल की आपली कीर्ती होते आहे, आणि ते सुख त्यांना माझ्या तोंडून मिळावं अशी माझी इच्छा नाही.

मी मेळघाटचा साग. परतवाड्याहून लाकडाच्या गाडीतून आलो आणि जठारपेठेतल्या एका मिस्त्रीच्या हाती पडलो. म्हातारा हाताचा चांगला होता. त्यानं माझ्यावर बारा दिवस रंधा मारला, पॉलिश केलं, चारी बाजूंनी नक्षीची पट्टी बसवली. काम संपल्यावर माझ्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "आता तुह्या अंगावर मोठ्या मानसायची नावं येतीन गड्या." मी भारावून गेलो. लाकडाला एवढी अक्कल कुठली की मोठी माणसं कोण ठरवतं हे विचारावं!

ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. शाळेला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त शाळेच्या माजी खेळाडूंचा आणि विजयी संघांचा सत्कार करायचा, आणि त्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहायची, असं मंडळानं ठरवलं होतं. मंडळ म्हणजे किसनराव वकील. बाकीचे सहा जण माना हलवायला असत. किसनराव मंडळाचे चिटणीस. क्रीडाविषयावर ते तासभर बोलू शकत. स्वतः आयुष्यात एकदाच पळाले असतील, तेही नागपूर पॅसेंजर सुटत होती म्हणून.

मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि माझ्यासमोर यादी तयार झाली. पहिलं नाव कमलाकांतचं पडलं. हा किसनरावांचा मुलगा. क्रिकेटच्या सामन्यांत तो पांढरी पँट घालून धावा लिहायला बसायचा. यादीत तो 'अष्टपैलू खेळाडू' झाला. मग एकावन्न सालचा क्रिकेट संघ आला. तो दुसऱ्या फेरीत हरला होता, पण त्यातले तिघे पुढं वकील झाले होते. मग मंडळातल्या एका सभासदाचा भाचा आला, त्यानं लांब उडी मारली होती. किती लांब, ते कोणी विचारलं नाही.

शेवटी हेडमास्तर हळूच म्हणाले, "आणि मुलींचा खो-खोचा संघ? पंचावन्न सालचा? अमरावतीची ढाल तेवढी एकच आहे आपल्याकडे."

किसनरावांनी यादीचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "घाला. आठ नावं मी लिहून देतो."

खो-खोच्या संघात नऊ जणी असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हेडमास्तरांना माहीत होतं. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात देवमन पेंटरनं मला दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि कामाला लागला. सिनेमाच्या पाट्या रंगवणारा हा माणूस. अक्षर मात्र असं, की वाचणाऱ्यानं वाचतच राहावं. शेवटच्या ओळी सुकत होत्या तेव्हा पंजाबराव मास्तर आले. पंजाबराव म्हणजे शाळेचे जुने ड्रिल मास्तर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. मुलींना मैदानावर उतरवलं म्हणून त्यांना गावातल्या अर्ध्या बापांनी शिव्या दिल्या होत्या, आणि ढाल आल्यावर त्याच बापांनी पेढे वाटले होते.

मास्तर माझ्यावर वाकले. एकेक नाव बोटानं, अंतर ठेवून वाचू लागले. 'सौ.', 'सौ.', 'सौ.', आणि प्रत्येकीपुढं नवऱ्याचं नाव.

"ह्या कोन्या बाया होत देवमन? माह्या पोरी कुठी आहेत?"

"ह्याच तुमच्या पोरी, मास्तर. लग्नं झाले न त्यायचे."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. मग त्यांचं बोट थांबलं. "रमाच्या नावापुढं कप्तान काहून लिवलं? आन् पंचफुला कुठी आहे?"

"मले कागदावर जे देलं ते मी लिवलं," देवमन ब्रश पुसत म्हणाला. "कोन होती पंचफुला?"

मास्तर स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. मला ही हकिकत त्यांच्याच तोंडून कळली.

पंचफुला हिवरखेडची. शिकायला अकोल्यात मावशीकडे राहायची. नऊ मुलींची ती कप्तान. अमरावतीला अंतिम सामन्यात शेवटच्या डावात तिच्या सोबतच्या दोघी बाद झाल्या, आणि ती एकटी साडेतीन मिनिटं पळाली. परकराचा काचा मारलेला, गुडघा फुटलेला. समोरच्या मुली खो देऊन देऊन दमल्या, पण हिच्या पाठीला हात लागला नाही. एका गुणानं सामना जिंकला.

त्या संध्याकाळी संघाचं जेवण किसनरावांच्या बहिणीच्या घरी होतं, कारण संघाबरोबर मंडळातर्फे किसनरावच गेले होते. पानं मांडली. बहिणीनं पंचफुलाची जात विचारली, आणि तिचं पान अंगणात, नळाजवळ नेऊन ठेवलं.

"मंग?" देवमननं विचारलं.

"मंग रमा उठली. भटाची पोर, अशी येवढीशी. आपलं पान उचललं आन् अंगनात जाऊन पंचफुलाच्या बाजूले बसली. तिच्या मांगं ललिता. मंग साऱ्या, आन् मी बी. किसनराव आन् त्यायची बहीन दोघंच राह्यले घरात. आठ वर्सं झाले, त्या मानसाच्या घशाखाली तो घास उतरला नाई."

इतक्यात किसनराव स्वतःच काम पाहायला आले. मास्तरांनी उभं राहून सरळ विचारलं, "वकीलसाहेब, पंचफुलाचं नाव राह्यलं."

"राहिलं नाही, बसत नाही. फलकावर या शाळेतून मॅट्रिक झालेल्यांचीच नावं घ्यायची असा नियम केला आहे. ती दहावीतून शाळा सोडून गेली."

"बाप मेला म्हून गेली. आन् खो-खो खेळाले मॅट्रिक कायले लागते?"

"नियम सर्वांना सारखा असतो, मास्तर."

"कमलाकांत तर दोनदा नापास होऊन खामगावले गेलते. मॅट्रिक तिकडंच झाले."

किसनराव हसले. असं हसू मी फक्त माणसांतच पाहिलंय, लाकडाला ते जमत नाही. "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. आणि आता तर त्या लोकांनी धर्मही बदलला. त्यांना आपल्या सत्काराचं काय?"

मास्तर दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "मी येईन. पोरी येऊन राहिल्या म्हून येईन. तुमच्या हारासाठी नाई."

सत्काराच्या दिवशी मला मंडपात व्यासपीठाच्या मधोमध उभं केलं, वर पिवळा रेशमी पडदा. कलेक्टरसाहेबांच्या पत्नी प्रमुख पाहुण्या होत्या. स्वागतगीत झालं. अहवाल झाला. किसनरावांनी पाऊण तास भाषण केलं आणि त्यात 'खिलाडूवृत्ती' हा शब्द सतरा वेळा आला. पडद्याआड करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मोजत बसलो.

पडदा बाजूला झाला. टाळ्या पडल्या. कमलाकांतला शाल आणि नारळ मिळाला. तो जाडा झाला होता आणि पायऱ्या चढताना धापा टाकत होता. लांब उडीवाला भाचा पायरीला अडखळला.

मग पुकारा झाला, "विजयी खो-खो संघाच्या कप्तान, सौ. रमाबाई!"

रमा वर आली. तिशीच्या आतलीच, हिरवं लुगडं नेसलेली, कडेवरचं मूल कुणाकडे तरी देऊन आलेली. तिनं पाहुण्यांना नमस्कार केला, पण शाल घ्यायला वाकली नाही. माझ्याकडे वळली. आठही ओळी तिनं वाचल्या. मग ती मायक्रोफोनजवळ गेली. तो तिच्यासाठी उंच होता. तिनं तो खाली ओढला आणि साऱ्या मंडपात कर्कश आवाज झाला.

"मी कप्तान नव्हते," ती म्हणाली. "मी कधीच कप्तान नव्हते. हे खोटं लिहिलंय. आमची कप्तान पंचफुला. मी तिला पोस्टकार्ड टाकलं होतं, सत्कार आहे म्हणून ये. ती अमरावतीच्या दवाखान्यात नर्स आहे, रजा काढून आली आहे. तिथं मागं बसली आहे. पंचफुला, उठ गं."

सगळ्या माना मागं वळल्या. शेवटच्या रांगेत, बायकांच्या बाजूला, एक उंच सावळी बाई बसली होती, पांढरं पातळ नेसून. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, पण मैदानावर हाक मारायची सवय असलेला तो आवाज, त्याला मायक्रोफोनची गरज पडली नाही.

"रमा, राहू दे. मले पाटीवर बसाचं नाई. मी तुमाले पाहाले आली."

"तुला नसेल बसायचं. आम्हाला खोटं नाही बसायचं," रमा म्हणाली.

तेवढ्यात ललिता उठली. मग एकेक करून बाकीच्या. आठजणींपैकी एक आजारी होती, म्हणून रमासकट सातच आल्या होत्या. उरलेल्या सहाही जणी पायऱ्या चढल्या नाहीत. त्या मधल्या वाटेनं मागं गेल्या आणि पंचफुलाच्या रांगेत जाऊन बसल्या. रमाही उतरून तिकडेच गेली. पंजाबराव मास्तरांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि तेही गेले. व्यासपीठावर शाली घडी करून तशाच राहिल्या.

तुम्हाला वाटेल, आता किसनरावांना लाज वाटली असेल. मलाही क्षणभर वाटलं होतं. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या भगिनींच्या खेळकर स्वभावाचं दर्शन आपल्याला घडलं." आणि बँड वाजवायला सांगितलं. मंडळाच्या सहा सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी कधी विसरणार नाही.

पंधरा दिवसांनी मंडळाकडे एक अर्ज आला. खाली आठ सह्या, आजारी असलेल्या आठवीचीसुद्धा. चौघींच्या सासरी सही करण्यावरून भांडण झालं होतं असं नंतर कानावर आलं. अर्जात दोनच वाक्यं होती. पंचफुला आमची कप्तान होती, तिचं नाव लिहावं. लिहायचं नसेल तर आमचीही आठ नावं काढावीत.

एक नाव लिहायला देवमनला पाऊण तास लागला असता. मंडळानं तीन बैठका घेतल्या. आणि ठरवलं काय? आठ नावं काढायची! मुलींचा मान राखायचा म्हणे. त्यांची विनंती मान्य केली, असं इतिवृत्तात लिहिलं.

देवमन काचकागद आणि पटाशी घेऊन आला. मला पुन्हा स्टुलांवर आडवं केलं. त्यानं आधी माझ्यावर हात ठेवला. मग खरवडायला लागला. लाकडाला दुखतं का, हे मला कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो, त्या आठ ओळींचं दुखलं नाही. त्यांच्या वर कमलाकांत शाबूत राहिला, ते दुखलं.

पॉलिश निघाल्यामुळे खरवडलेली जागा बाकीच्या अंगापेक्षा पांढुरकी पडली. किसनरावांच्या हे लक्षात आलं नव्हतं. व्हरांड्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची नजर आता पहिली तिथंच जाते. पालक येतात, तपासनीस येतात, नवे मास्तर येतात. वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. "इथं काय होतं हो?" असं विचारतात.

आणि सांगायला चतुराबाई आहे. ही शाळेची शिपाईबाई, घंटा देणारी. ती झाडू भिंतीला टेकवते, पदर खोचते आणि सगळं सांगते, सामना, साडेतीन मिनिटं, अंगणातलं पान, मंडपातली शेवटची रांग. नऊच्या नऊ नावं माहेरच्या आडनावांसकट घेते. कप्तानाचं नाव आधी घेते. एकदा एका तपासनीसानं वहीत लिहून घेतली. एकदा खुद्द किसनराव मागं येऊन उभे राहिले, तर तिनं आवाज आणखी चढवला.

आज सदुसष्ट साल चालू आहे. पंजाबराव मास्तर गेल्या वर्षी वारले. पंचफुलानं त्यांच्या शेवटच्या आजारात आठ दिवस त्यांच्या उशाशी काढले, हेही चतुराबाईच सांगते. कमलाकांत मंडळावर आला आहे. आणि मागच्या आठवड्यात किसनरावांनी देवमनला बोलावून माझ्यासमोर उभं केलं.

"ही जागा वाईट दिसते. इथं कार्यकारी मंडळाची नावं लिहून टाक. सात आहेत, नीट बसतील."

सात पळपुटे, ज्यांनी कधी मैदानाची धूळ पाहिली नाही, ते त्या पोरींच्या जागेवर बसणार होते. मी माझ्या खिळ्यांवर थरथरलो.

देवमननं ती यादी वाचली, घडी केली आणि परत दिली. "नाई जमत वकीलसाहेब."

"का? हात दुखतो?"

"हात चांगला आहे. तिथं नावं आहेत."

"अरे, तिथं काही नाही. तूच खरवडलंस!"

"म्हून तर मले मालूम आहे," देवमन म्हणाला, आणि ब्रशांची पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

आता ते दुसरा पेंटर शोधतायत. अकोल्यात नाही मिळाला, तर अमरावतीहून आणतील. वाचक हो, तुमच्यापैकी कोणाला सोनेरी अक्षरं काढता येत असतील आणि असं बोलावणं आलं, तर एवढं करा. मला खाली उतरवा, फोडा, शाळेच्या पोरांना थंडीत शेकोटी होईल. मेळघाटचा साग आहे, ऊब चांगली देईन. पण त्या पांढऱ्या जागेवर ब्रश ठेवू नका. तिथं नऊ जणी बसल्या आहेत, आणि त्यांनी जागा सोडलेली नाही.