धुरपताच्या गवतातलं पाखरू

लटारूच्या धानाच्या लोंब्या कापून पडू लागल्या, तेव्हा त्यानं आधी उंदरांवर संशय घेतला, मग सख्ख्या भावावर. दोघंही निर्दोष निघाले. मग धुरपताच्या गवताची पाळी आली.

गवत त्याच्या बांधाला लागून होतं आणि छातीएवढं वाढलं होतं. धुरपतानं ते घर शाकारायला राखलेलं. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरात गळती जास्त आणि भांडी कमी पडली होती. गवत पिकायला अजून महिना हवा होता. हिरवं कापलं तर छपरावर कुजणार. लटारूचं म्हणणं, अळीचं पाखरू त्याच गवतातून येतं, तर आजच कापून बैलांपुढं टाका.

पोलीसपाटील बापूरावांनी गडचिरोलीहून शेतीखात्याच्या हरिदास साहेबांना बोलावलं. साहेब एसटीतून उतरले आणि चावडीवर बसून त्यांनी आरोपीचं वर्णन सांगितलं. लोंब्या कापणाऱ्या अळीचं पाखरू मातकट असतं आणि त्याच्या पुढच्या दोन्ही पंखांवर मधोमध एकेक बारीक पांढरा ठिपका असतो. रानगवतावर जगणारं दुसरं एक पाखरू अगदी त्याच्यासारखंच दिसतं, पण त्याला ठिपका नसतो. गवतात ठिपकेवालं निघालं तर गवत कापायचं. नाही निघालं तर लटारूनं गप बसायचं.

लटारू गवतात शिरला आणि पाखरू चिमटीत धरून आला. ठिपका होता, पण एकाच पंखावर. दुसरा वाटेत पडला असेल, असं तो म्हणाला. बापूरावांना ते पटलं नाही. ते स्वतः गेले. त्यांच्या पाखराला तीन ठिपके होते, त्यातला एक पोटावर.

धुरपता इतका वेळ खांबाशी उभी राहून लटारूच्या हाताकडं पाहत होती. तो तंबाखू मळत होता.

"साहेब, ठिपका चाखून पाहा न जी," ती म्हणाली.

साहेबांनी ठिपक्याला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि जरा विचार केला. "चुना आहे."

सगळ्यांनी आपापली बोटं धोतराला पुसली. साहेबांनीही पँटला पुसली, हे धुरपताच्या नजरेतून सुटलं नाही.

आता पाखरू धरायला तंबाखू न खाणारं माणूस शोधायचं होतं. गाव धुंडाळलं. तंबाखू सोडून चार महिने झाले असं सोमाजी म्हणाला, तर त्याच्या बायकोनं त्याचा खिसा उलटा केला. शेवटी एकच नाव उरलं, आणि तेही लटारूच्या घरातलं: त्याची बायको कमळा. लग्न झाल्यापासून तिनं तंबाखूला हात लावला नाही, हे लटारूच छातीठोकपणे सांगत आला होता. आता त्याला माघार घेता येईना.

धुरपता कमळाकडं पाहू लागली. नवऱ्याचं धान सोडून ही माझं छप्पर काऊन वाचवेल?

कमळा गेली आणि गवतातलं पाखरू घेऊन आली. साहेबांनी भिंग लावलं. एकही ठिपका नव्हता. मग साहेबांनी तिला धानातलं आणायला पाठवलं. त्याला दोन्ही पंखांवर एकेक ठिपका होता. साहेबांनी तोही चाखला. चव लागली नाही.

"लटारूभाऊ, पाखरू तुझ्याच घरचं हाय," बापूराव म्हणाले, आणि गवत उभंच राहील असं ठरलं. लटारू बायकोकडं असा पाहत होता, जणू लोंब्या तिनंच कापल्या.

घरी जाताना धुरपतानं वळणावर कमळाला गाठलं. मोहाच्या झाडाच्या आडोशाला कमळा तळहातावर काहीतरी मळत होती. चुन्याची डबी कमरेला होती.

"पाखरू डाव्या हातानं धरलं होतं," कमळा शांतपणे म्हणाली. "चुना उजव्यानं लावतो मी."

कमळानं चिमूट ओठात ठेवली.

"गोठ्याचं छप्पर उघडं हाय आमचं. माझा बुढा गवत मागाले लाजते. पिकलं का दोन भारे मले दे."

धुरपतानं मान डोलावली. मग घरापर्यंत ती कमळाच्या मागंच चालली, तिच्या डाव्या हाताकडं पाहत.