स्ट्राउड कोचची खोड

आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात कुणीतरी घरभेदी आहे, याबद्दल कोच व्हर्लिन स्ट्राउडला आता तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या कॉलेजच्या पोरांनी चेंडू फेकायचं ठरवलं, की समोरचे आधीच मागे सरकून झेल अडवायला उभे! व्हर्लिननं खाणाखुणा बदलल्या, सरावाच्या मैदानाला ताडपत्री बांधली, हुकूम देताना तोंडापुढे कागद धरायला लागला. तरी तेच. शेवटी संशय मदतनीस कोच टेटवर गेला, कारण टेटची सासुरवाडी नेमकी आजच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गावची.

"खाल्ल्या मिठाला जागला नाहीस," म्हणत त्यानं सामन्याआधीच टेटला घरी हाकललं.

आणि तरीही ते हरले.

रिवाजाप्रमाणे दोन्ही कोच हात मिळवायला मैदानाच्या मध्यावर आले. पलीकडचा ओडेल क्रेब्स म्हणजे व्हर्लिनचा कॉलेजातला जोडीदार. तेव्हा ओडेलनं पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि व्हर्लिननं फेकायचा.

"आमचं गुपित कोण फोडतं, ते सांग लेका," व्हर्लिन गुरगुरला. "टेटच ना?"

ओडेल खो खो हसला. "अरे, तूच! फेकायच्या आधी बोटं चाटायची तुझी जुनी खोड. पोट सुटलं, टक्कल पडलं, आता नुसता कडेला उभा असतोस, तरी फेकीचा हुकूम द्यायचा म्हटलं की कागदाआधी बोटं तोंडाशी जातात."

टेटला फोन लावायला व्हर्लिननं मोबाइल बाहेर काढला, आणि नंबर दाबायच्या आधी नकळत बोटं चाटली.