स्विचवर हात

उज्वलाने एंटरच्या कळीवर ठेवलेलं बोट उचललं, ओढणीला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. मशीनसाठी लावलेल्या एसीने खोली इतकी गार झाली होती की हितेश सर स्वेटर घालून उभे होते. तरी तिचा तळहात ओला तो ओलाच.

"दाब ना," सर मागून म्हणाले. "मुहूर्त बघायचा राहिलाय का?"

"बारा गावं आहेत, सर."

"म्हणून तर मशीनला सांगितलंय. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातं! बेलापूरच्या या कचेरीतून बारा गावांना इंटरनेट जायचं. नव्याण्णव साल, कंपनी नवी. गावोगावी एकेक राउटर आणि त्याच्यापाशी बसायला एकेक माणूस. राउटरमध्ये काहीही बदल करायचा तर आधी त्या माणसाला फोन लागे. तो मशीनजवळ जाऊन उभा राहायचा, "स्विचवर हात हाय" म्हणायचा, आणि मगच उज्वला इथून बदल टाइप करायची. चुकून गावाशी संबंध तुटलाच, तर त्याने मशीन बंद करून चालू करायचं, की पक्का न केलेला बदल पुसला जाऊन जुनं सगळं परत यायचं. ठीक चाललं तर बदल पक्का करून पुढच्या गावाला फोन. एका बदलात अख्खा दिवस जाई.

उज्वलाने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, हे सगळं कुणालाही फोन न करता, आपलं आपण करणार होती. बेलापूरला नवी लाईन आली होती आणि बाराही राउटरांना तिचा पत्ता शिकवायचा होता. गावाकडे कुणाला कळवायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. माणसावाचून जमतं का, हेच तर बघायचं होतं. जमलं तर ती बारा माणसं घरी जाणार, हे ते लपवत नव्हते. आणि नाही जमलं तर गावं बंद पडणार, अजून कायम न झालेली उज्वला घरी जाणार.

त्या बारांतला साताऱ्याचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शिवतेज. बारावीनंतर तीन वर्षं नुसता कट्ट्यावर बसलेला. हिच्या शब्दावर चिकटला आणि आता कुठे त्याला मुली सांगून येऊ लागल्या होत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्यातला आड हिने स्वतःच्या हाताने खणलेला.

सरांनी बजावूनही काल तिने त्याला फोन केला होताच. न करून करते काय?

"उद्या अकराला," ती म्हणाली होती. "तू मशीनच्या वाटेला जाऊ नकोस. लांब बस."

"मग माझं काम काय उरलं, अक्का?"

"बघू," एवढंच तिला सुचलं होतं.

तिने कळ दाबली.

पडद्यावर कराड उमटलं. ठिपके धावले, थांबले. ओके. मग इस्लामपूर. पुन्हा ठिपके, पुन्हा तो जीवघेणा थांबा. एखादा आकडा चुकला असेल तर ते गाव आपल्यापुरतं मेलं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात गरगरत होता. ओके. सांगली ओके. कोल्हापूर ओके. सरांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरला. एकेक गाव सुखरूप पार पडत गेलं, तशी तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. नापास होण्याची भीती तिला ओळखीची होती. पास होण्याची ही पहिलीच.

सातारा तिने यादीत शेवटी घातला होता. का, ते स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सातारा. ठिपके. ठिपके. उत्तर नाही.

"काय झालं?" सरांचा ताल थांबला.

तिने पुन्हा कळ दाबली. उत्तर नाही. चुकीचा बदल पक्का होऊन बसला असेल, तर बंद-चालू करूनही उपयोग नव्हता. वायर आणि लॅपटॉप घेऊन कुणाला तरी एसटीने साताऱ्याला धाडावं लागलं असतं. तोवर गाव बंद.

"फोन लाव," सर म्हणाले.

शिवतेजने पहिल्याच घंटेला उचलला. एरवी तो शेजारच्या टपरीवरून धावत येई, धापा टाकत.

"हॅलो, अक्का."

त्याचा आवाज स्वच्छ आला. त्याच्या मागून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजलेली तिला ऐकू आली. एवढ्याशा खोलीत त्या मशीनचा पंखा असा घरघरायचा, की भावाबहिणीला एकमेकांवर ओरडून बोलावं लागे. आज कशाचीच घरघर नव्हती.

मशीनशी संबंध तुटला नव्हता. मशीनच बंद करून ठेवलेलं होतं.

"स्पीकरवर टाक," सर म्हणाले.

"स्पीकर खराब आहे, सर." तिने रिसीव्हर कानावर इतका दाबला की कानाची पाळी दुखली. सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनाही ही शांतता ऐकू येत असेल तर?

"शिवतेज," ती जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "मशीन बंद करून चालू कर."

"करतो की."

बंदचा एक टक आणि चालूचा एक टक, असे दोन टक व्हायला हवे होते. एकच झाला. मग पंखा घरघरू लागला.

"झालं, अक्का!" आता तो ओरडून बोलत होता. "आलं का तिकडं?"

तिने उत्तर न देता फोन ठेवला. थोड्या वेळाने सातारा पडद्यावर परत आला. आनंद व्हावा की कानाखाली एक ठेवून द्यावी, हे तिला कळेना. वेडा. सख्खा आणि वेडा.

"म्हणजे माणूस लागलाच," सर म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर बसले. "नक्की काय झालं? लाईन गेली, की तुझी स्क्रिप्ट चुकली?"

लाईन म्हटलं तर ते तासाभरात तपासून घेणार. खरं सांगितलं तर शिवतेज आजच घरी, आणि स्क्रिप्ट निर्दोष म्हणून बाकीचे अकराही त्याच्या मागोमाग.

"स्क्रिप्ट, सर. माझं चुकलं."

"शंभर वेळा तपासलंय म्हणालीस."

"तपासलं होतं."

"मग?"

"तरी चुकलं."

"बारांतलं एक गाव पडलं काय आणि बाराही पडली काय, माझ्यासाठी सारखंच," सर म्हणाले. "तुझं कायम करायचं आता दिवाळीनंतर बघू. स्क्रिप्ट दुरुस्त कर. पुढच्या सोमवारी परत. आणि या वेळी मी स्वतः साताऱ्याला जाऊन बसेन."

ते गेले. दार आपोआप बंद झालं. उज्वला पडद्यासमोर बसून राहिली. दुरुस्त काय करायचं? स्क्रिप्टमध्ये चुकीची एक ओळसुद्धा नव्हती.

फोन वाजला. शिवतेज असेल म्हणून तिने झडप घालून उचलला.

"मॅडम, बाजीराव बोलतोय. कोल्हापूर." तो तिच्या वडिलांच्या वयाचा माणूस. निवृत्त झाल्यावर कंपनीत लागलेला. आवाज दबलेला. "मी सकाळपासनं हितंच हाय, मशीनपाशी. मघाशी मशीनवरचा दिवा गेला आन् आपला आपण आला. तुमचा फोन काय आला न्हाई. माझ्याकडनं काय चुकलं काय?"

"नाही हो, बाजीराव. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग फोन का न्हाई केला?"

उज्वलाने पडद्यावरची स्क्रिप्ट बंद केली.

"पुढच्या वेळी करेन," ती म्हणाली.

"बरं, बरं," बाजीराव घाईघाईने म्हणाले. त्यांना एवढ्यानेही हायसं वाटलेलं तिला कळलं. मग त्यांनी विचारलं, "पुढची येळ कवा हाय, मॅडम?"