टकळीच्या मुठीतला प्लग

कल्पना करा, तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात आणि तुमच्या मुठीत एक प्लग आहे. पांढरा, तीन पिनांचा, साधासुधा. तुमचं काम एवढंच, की तो सोडायचा नाही. नाक खाजलं, तर दुसऱ्या हाताने खाजवायचं. सोपं वाटतंय ना? आता तुमच्या जागी टकळीला बसवा, म्हणजे कळेल.

टकळी हे तिचं खरं नाव नव्हे. तिच्या तोंडाची टकळी सकाळी सुरू झाली की झोपेतही पुरती थांबायची नाही, म्हणून आजोबांनी ते ठेवलं होतं. आजोबांचे गुडघे थंडीत कुरकुरायचे, आणि नेमका त्यांच्या खुर्चीशेजारचा हीटर रुसून बसला होता. लावला की आत नुसतं गुंऽऽ व्हायचं. गरम वारा काही यायचा नाही. जरा वेळाने जळका वास यायचा आणि हीटर आपणहून बंद पडायचा.

"काय झालं असेल?" आत्याने विचारलं. आत्या लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होती. घरात काही बिघडलं, की ती हत्यारांच्या आधी प्रश्न बाहेर काढायची.

"म्हातारा झाला असेल," टकळी म्हणाली.

"म्हाताऱ्यांना मध्ये आणू नका," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

"हे बघ," आत्या टकळीला म्हणाली, "वास येतोय म्हणजे आतली तार तापतेय. म्हणजे वीज पोचतेय. मग वारा का नाही?"

टकळीने डोकं खाजवलं. "पंखा फिरत नाही!"

"शाबास! वारा नाही, म्हणून आतली धग आतच राहते. आणि फार तापला, की तो स्वतःला बंद करून घेतो."

"चला, या घरात निदान एक जण तरी वेळेवर गप्प बसतो," आजोबा म्हणाले.

हीटर सकाळपासून लावलाच नव्हता, त्यामुळे चांगला गार झाला होता. उघडायला हरकत नव्हती. पण उघडण्याआधी आत्याचा एक नियम होता: आधी प्लग हातात, मगच हात आत. लिफ्टच्या कामावर ती मुख्य स्विचला कुलूप ठोकायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी लिफ्ट चालू करायला नको. घरात असं कुलूप कुठून आणणार? म्हणून प्लग कुणाच्या तरी मुठीत द्यायचा. नुसता काढून ठेवून भागत नाही, कारण घरची माणसं फार प्रेमळ असतात. मागे आत्याने मिक्सर उघडला होता, तेव्हा "अगं, प्लग निसटलाय वाटतं" असं म्हणत आजोबांनी तो मायेने परत लावून दिला होता!

ज्याच्या मुठीत प्लग, त्याने "थांब" म्हटलं की थांबायचं, हाही नियमच. आजवर टकळीला फक्त बॅटरी धरायला मिळायची. प्लग आज पहिल्यांदाच मिळणार होता.

हीटर लोखंडी, जडशीळ. तो हलवायच्या फंदात कोण पडणार? सॉकेट पुस्तकांच्या कपाटामागे होतं. आत्याने गाल कपाटाला टेकवला, खांद्यापर्यंत हात मागे घातला, चाचपून एक बटण बंद केलं, प्लग उपसला आणि टकळीच्या मुठीत दिला.

आत्याने पहिला स्क्रू सैल केला.

"थांब!" टकळी ओरडली. आत्याने हात मागे घेतला. "तुझ्या केसांत जळमट आहे."

दुसरा स्क्रू निघाला. "थांब! स्क्रू वाटीत ठेव ना, घरंगळेल."

"टकळे," आत्या म्हणाली, "हा शब्द असा उधळायचा नसतो. आता उगाच म्हणालीस, तर प्लग आजोबांकडे."

"द्या, द्या इकडे," आजोबांनी लगेच हात पुढे केला. टकळीने प्लग पोटाशी धरला आणि ओठ घट्ट मिटले.

हीटरची पाठ निघाली. आत्याने बॅटरीच्या उजेडात दाखवलं: पंख्याच्या दांड्याभोवती केस आणि धुळीचा भला मोठा बोळा गुंडाळला होता. जणू उंदीरच झोपला होता. "हा बघ चोर!" आत्या म्हणाली. तिने बारीक चिमटा उचलला. बोळ्यापर्यंत पोचायला तापणाऱ्या तारांच्या मधूनच हात घालावा लागणार होता.

टकळी गप्प होती, त्यामुळे खोली शांत होती. पण जरा जास्तच शांत होती. काहीतरी कमी होतं. काय बरं?

तिने मागे पाहिलं. पुस्तकांच्या कपाटावर आजोबांच्या माशांची काचेची लहानशी टाकी होती. तिच्यात हवा सोडणारा छोटा पंप रात्रंदिवस बुडबुड करायचा, इतका की कुणाच्या ते कानावरही येत नसे. आत्ता एकही बुडबुडा नव्हता.

टकळीने मुठीतल्या प्लगकडे पाहिलं. पंप असाच बंद पडला असेल तर? पुन्हा चुकीचं "थांब" म्हटलं, तर प्लग गेला, आणि आठवडाभर सगळे चिडवणार. तिने वायर हळूच ओढून पाहिली. हीटरची वायर हलली नाही. वर टाकीशेजारचा पंप मात्र टुणकन हलला.

"थांब!"

आत्याने हात झटकन बाहेर काढला. वैतागली नाही, "आता काय?" म्हणाली नाही. हात पुरता बाहेर आल्यावर ती वळली. "बोल."

"हा प्लग हीटरचा नाहीये. माशांचा आहे."

आत्याने टाकीकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि ती जमिनीवरच बसली. भिंतीवरचं हीटरचं बटण तेवढं बंद होतं, पण त्याचा प्लग तर भिंतीतच होता. वीज दाराशी उभी होती.

"दोन्ही वायरी पांढऱ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "मी न बघता ओढला. चूक माझी."

आजोबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी घसा साफ केला. "माझे गुडघे शेकायला माझ्याच माशांचा गळा दाबत होतीस होय गं?" म्हणाले, पण हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग आत्याने टकळीला जवळ ओढून पाठीत एक हलका धपाटा दिला, लाडाचा. ती उठली. तिने आणि आजोबांनी मिळून टाकी जपून खाली ठेवली, पुस्तकं उतरवली, कपाट पुढे सरकवलं, मागे नीट उजेड पाडला. आत्याने हीटरचा प्लग काढला. पंपाचा परत लावला. बुडबुड सुरू झाली.

"हा घ्या, बाईसाहेब," आत्याने हीटरचा प्लग पुढे केला. "आता बरोबर आहे."

टकळीने तो घेतलाच नाही. ती गुडघ्यांवर बसली. हीटरमधून वायर जिथे बाहेर येते तिथे तिने बोट टेकवलं आणि वायरीवरून बोट न उचलता रांगत निघाली: भिंतीच्या कडेने, कपाटामागे, पुन्हा बाहेर, थेट आत्याच्या हातापर्यंत. आत्या चिमटा खाली ठेवून वाट पाहत उभी होती. मग टकळीने प्लग मुठीत घेतला, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं. आता घाल हात."