साफ केलेला आवाज

थोरलीने हेडफोन अंबाड्यावरून खाली ओढले आणि पुन्हा बसवून पाहिले. ग्रंथपालबाईंना हसू आलं.

"काकू, डावा कान उजवीकडे गेलाय."

"कान जागेवरच आहेत, बाई. जीव तेवढा नाही."

बाईंनी बटण दाबलं. आधी थोडी खरखर, मग बाबा बोलायला लागले.

शहराची पाण्याची टाकी बांधणारा गवंडी म्हणून वाचनालयाच्या लोकांनी एके काळी घरी येऊन त्यांच्या आठवणी टेपवर घेतल्या होत्या. थोरली तेव्हा शाळेत गेली होती. पण आईला पक्कं आठवत होतं : धाकटा भाऊ चिमण त्या दिवशी बाबांच्या मांडीवर बसला होता आणि त्याच्या तोंडाची टकळी काही केल्या थांबत नव्हती.

पुढच्याच थंडीत चिमण तापाने गेला. फोटो काढायचा राहूनच गेला होता. बाबांनी त्याचे सदरे, त्याचा भोवरा, सगळं बांधून कुणाला तरी देऊन टाकलं आणि मिठाची गुळणी धरली, ती स्वतः जाईपर्यंत. रडले नाहीत, नाव घेतलं नाही. थोरलीने हे त्यांना कधीच माफ केलं नव्हतं. घरात तिला अजून थोरलीच म्हणत, धाकटं कुणी उरलं नव्हतं तरी.

"डोळे गेले," आई काल म्हणाली होती. "कान आहेत तोवर एकदा चिमणचा आवाज ऐकव."

बाबा चुन्याबद्दल, पायाबद्दल, परांचीवरून पाय घसरलेल्या एका मजुराबद्दल सांगत होते. थोरली त्यांच्या शब्दांमागे कान लावून बसली होती. मागे काहीच नव्हतं. पाटी धुवून ठेवावी तशी शांतता.

"घर इतकं गप्प कसं? आमच्याकडे तर कोंबड्यासुद्धा भांडायच्या."

"ते मी साफ केलंय," ग्रंथपालबाई उत्साहाने म्हणाल्या. "नवी नवी लागले होते तेव्हा. भांडी, कोंबड्या, पोरांची कलकल, सगळं पुसलं. बोलणं तुटू नये म्हणून पुसलेल्या जागी तेवढीच शांतता ठेवली मात्र. एका पोराने तर इतकं पिडलं होतं, की..."

थोरलीचा चेहरा पाहून त्या थांबल्या.

"तुमच्यापैकी कुणी होतं का?"

"भाऊ."

बाईंनी टेबलावरची धूळ नसलेली जागा बोटाने पुसली. "मूळ टेपला बुरशी लागली होती, काकू. ती टाकून दिली."

थोरलीने मान हलवली. हेडफोन काढायला तिने हात वर नेला, आणि तो तसाच राहिला. बाबा बोलता बोलता अडले होते. शांतता. मग ते हसले. हे हसू तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, पिकल्या फळासारखं मऊ. "आहेत ना," ते म्हणाले. "मोठा झालास की वर नेऊन दाखवीन." आणि पुन्हा चुन्याकडे वळले.

काय आहेत, ते टेपवर नव्हतं.

"तेवढं चुकून राहिलंय," बाई हळूच म्हणाल्या. "विषयाला सोडून आहे."

"राहू दे. माझ्या फोनवर घालून द्या."

घरी आई खाटेवर भिंतीला टेकून वाटच पाहत होती. थोरलीने फोन तिच्या उशाशी ठेवला. कसं सांगावं, काय सांगावं, हे वाटभर जुळवलं होतं, ते तिने बाजूला ठेवलं. तिने बाबांना बोलतं केलं.

आई नवऱ्याच्या आवाजाला हुंकार देत ऐकत राहिली. पाया झाला. मजूर घसरला. मग ती शांतता आली, आणि आईने मान वर केली.

"बाबा, टाकीत मासे आहेत का हो?" ती म्हणाली.

"आहेत ना," बाबा हसून म्हणाले. "मोठा झालास की वर नेऊन दाखवीन."

थोरलीने बोटाने फोन थांबवला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"पुन्हा लाव," ती शेवटी म्हणाली. "आणि या खेपेला तू विचार. माझा आवाज फार म्हातारा झालाय गं, ओळखायचे नाहीत ते."