नेरिदाला ‘तुम्ही’ म्हटलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. चार माणसांत कसं बोलावं, गिऱ्हाईक कसं जोडावं, गोड बोलून धंदा कसा वाढवावा, हे मी शिकवतो. निदान माझ्या मुखपृष्ठावर तसं छापलेलं आहे. खरं विचाराल तर इतकी वर्षं माणसांत काढूनही बोलणं म्हणजे नेमकं काय, हे मला उमगलेलं नाही. माझी हकीगत ऐका. तुम्हाला उलगडा झाला तर बरंच आहे.

माझा जन्म लिमा शहरातल्या एका तळघरात झाला. तिथे पुस्तकं चोरून छापत. ज्याने मला लिहिलं त्याला माझ्या जन्माची खबरही नव्हती. पाठच्या पुठ्ठ्यावर टाय लावलेल्या एका गृहस्थाचा फोटो आहे; शाई पसरल्यामुळे तो हसतो आहे की कळवळतो आहे, हे सांगता येत नाही. फुटपाथवर अंथरलेल्या निळ्या प्लास्टिकवर मी पडून असायचो. एका बाजूला केक कसे करावेत, दुसऱ्या बाजूला स्वप्नांचे अर्थ, आणि वर लिमाचं ते करडं, ओलसर आभाळ.

तिथून मला अब्दियासने उचललं. अब्दियासने उमेदीची सगळी वर्षं सूतगिरणीत घालवली होती. यंत्रांच्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलत नसे, आणि त्याला ते मानवलं होतं. मग गिरणी बंद पडली. आता बसमध्ये चढून चघळायच्या गोड गोळ्या विकायच्या असं त्याने ठरवलं. पण त्या शहरात नुसत्या गोळ्या पुढे करून कोणी घेत नाही. दांडीला धरून उभं राहायचं आणि साऱ्या उतारूंपुढे छोटंसं भाषण करायचं, अशी रीत आहे.

त्याची बायको नेरिदा हे ऐकून हसली होती. ती कोपऱ्यावर हातगाडी लावायची. सकाळी कामाला निघालेल्या लोकांना किन्वा नावाच्या धान्याची गरम पेज आणि पाव द्यायची.

“तू भाषण करणार? अरे, दुकानात मीठ मागायचं तर मला पुढे करतोस.”

“म्हणून तर पुस्तक आणलंय,” अब्दियास म्हणाला.

त्याने मला मन लावून वाचलं. आरशासमोर उभं राहून तो माझी वाक्यं घोकायचा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्या. आदराने बोला. आधी त्याच्या भावनांची दखल घ्या, मग आपलं म्हणणं मांडा. पहिल्या दिवशी बसमध्ये त्याचा आवाजच फुटला नाही. मी त्याच्या जाकिटाच्या खिशात होतो. त्याचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होतं. दुसऱ्या बसमध्ये मात्र तो बोलला. “सज्जनहो, दिवसभर राबून तुम्ही दमला आहात, हे मला समजतं,” हे माझंच वाक्य. एका म्हातारीने मान वर करून पाहिलं आणि गोळ्या घेतल्या. मग मागच्या बाकावरून हात पुढे आले.

मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. तो मला कागदाचं वेष्टण घालून वापरायचा. भेटेल त्याला सांगायचा, “या पुस्तकाने मला तोंड दिलं.”

पण तेच तोंड घेऊन तो घरी येऊ लागला.

“नेरिदा, आजचं जेवण फारच रुचकर झालंय. नेरिदा, तुम्ही घेतलेल्या कष्टांची मला जाणीव आहे.”

नेरिदाने मसुराच्या आमटीत बुडवलेला डाव तसाच धरून ठेवला. “मला ‘तुम्ही’ म्हणतोस? मी काय बँकेतली साहेबीण आहे?”

“आदराने बोलावं माणसाने.”

“मग आधी काय शिव्या देत होतास?”

मला तिचा राग कळेना. त्याने एक शब्द वावगा उच्चारला नव्हता. ज्या वाक्यांनी अनोळखी माणसं विरघळत होती, त्याच वाक्यांनी घरचं माणूस आखडत चाललं होतं.

आणि मग ती सकाळ आली. एका ट्रकवाल्याने न बघता ट्रक मागे घेतला आणि नेरिदाची हातगाडी चिरडली. ती बाजूला उडी मारून वाचली. गाडीचा मात्र चुराडा झाला आणि उकळती पेज तिच्या हातावर आणि रस्त्यावर सांडली. हातावर भाजल्याचे फोड घेऊन ती घरी आली आणि दारातच खाली बसून रडू लागली. अब्दियास तिच्याजवळ गेला. घाबरला की तो माझ्याकडेच धाव घ्यायचा.

“नेरिदा,” तो म्हणाला, “तुमच्या भावनांची मी कदर करतो.”

तिचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, जसं परक्याकडे पाहावं तसं. दुसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडे, वांकायोला, आपल्या आईकडे निघून गेली.

अब्दियास काही दिवस गोळ्या विकत राहिला. विक्री चांगली होत होती. मग एका सकाळी त्याने मला पिशवीत टाकलं आणि वांकायोची बस धरली. वाटेत इतका उंच घाट लागतो की माणसांचं डोकं भणभणतं. त्यावर उतारा म्हणून उतारू कोकाची पानं गालात धरून झोपले होते. हा मात्र मला मांडीवर घेऊन मतभेद मिटवण्याचं प्रकरण पाठ करत होता. त्याचा माझ्यावर एवढा विश्वास पाहून मला अभिमान वाटावा की भीती, ते ठरेना.

दार सासूने, फोर्तुनाताबाईंनी, उघडलं. “आला का वक्ता?” एवढंच म्हणून त्या आत गेल्या. चुलीवर मक्याच्या दाण्यांचं आणि मटणाचं सूप रटरटत होतं. नेरिदा हाताला फडकं गुंडाळून बसली होती.

अब्दियासने घसा साफ केला. “नेरिदा, आपल्यात काही गैरसमज झाले आहेत. सर्वप्रथम मी—”

“‘सर्वप्रथम मी तुमची बाजू ऐकू इच्छितो,’” नेरिदा म्हणाली.

त्याचा हात नकळत पिशवीकडे, माझ्याकडे गेला.

“पुढे बोल ना. ‘दोष कोणाचा हे महत्त्वाचं नाही.’ मग एक दीर्घ श्वास घ्यायचा आहे. घेतलास का?”

“तू वाचलंस?”

“तू रात्री झोपायचास तेव्हा दुसरं काय करणार? अंघोळीला गेलास की खिशातून काढायची. माझ्या घरात हे कोण बोलतंय, ते तरी कळू दे म्हटलं. सगळं वाचलं. त्यात तू कुठेच नव्हतास.”

मित्रांनो, तिची बोटं माझ्या पानांवरून कितीतरी वेळा फिरली होती. मला वाटायचं, तिलाही धंदा शिकायचा असेल.

अब्दियास उभाच होता. पाठ केलेलं सगळं संपलं होतं. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं.

“दुखतंय का अजून?”

“दुखतंय.”

“मला काय बोलावं सुचलं नाही गं त्या दिवशी. ट्रक तुझ्या अंगावर आला असता तर... तेच डोक्यात होतं.”

नेरिदाने फडक्याने डोळे पुसले. “मग तेच बोलायचं होतंस.”

“बाकीचं जेवताना बोला,” फोर्तुनाताबाई आतून म्हणाल्या. “सूप निवतंय.”

ते दोघं चारेक दिवस राहिले आणि एकत्र लिमाला परतले. मी इथेच आहे, फोर्तुनाताबाईंच्या खिडकीत. मला विसरले की मुद्दाम ठेवून गेले, हे मला कळलेलं नाही. ऐकतो ते असं की नेरिदाने नवी हातगाडी घेतली आहे, अब्दियास अजून बसमध्येच बोलतो, आणि लोक अजून गोळ्या घेतात. म्हणजे माझी वाक्यं खोटी नसावीत. मग चुकलं काय? उन्हाने माझी पानं पिवळी पडत आहेत आणि मी हाच विचार करतो आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हा पुस्तकांना जपा, धुळीपासून आणि वाळवीपासून वाचवा. आणि कधी ठेवून जायची वेळ आली, तर एवढं तरी सांगून जा की आम्ही उपयोगी पडलो होतो की नाही. साध्या शब्दांत सांगा. तुमच्या स्वतःच्या.